रंग गेलेली चादर

मालक माझं चित्र उलटं धरून बघत होते. सुलटं करून द्यावं म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला.

"राहू दे बाई. असंच चांगलं दिसतंय."

चित्र सिद्धेश्वर तळ्याचं होतं. सकाळी काठावर बसून केलेलं, अजून ओलसर होतं म्हणून ऑफिसच्या टेबलावर वाळत ठेवलं होतं. उलटं धरल्यामुळे देऊळ खाली गेलं होतं आणि त्याचं पाण्यातलं हलतं प्रतिबिंब वर आलं होतं. मालकांनी ते लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाले, "हीच आपली नवीन चादर."

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात मी डिझायनर म्हणून लागले होते. मी अक्कलकोटची. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि कारखान्यात सगळे तेलुगू बोलायचे. ड्रॉइंगचा डिप्लोमा करून आलेली मुलगी टिकेल का, याची मालकांना खात्री नव्हती, म्हणून मला सहा महिने ट्रायलवर ठेवलं होतं. ते संपत आले होते. घरी वडील स्थळं बघत होते. नोकरी पक्की झाली तर ते काही दिवस थांबणार होते, एवढं आमचं ठरलं होतं.

चादरीची नक्षी आधी ग्राफ पेपरवर काढतात. प्रत्येक चौकोन म्हणजे धाग्यांची एक जागा. तो भरायचा किंवा रिकामा सोडायचा, तिसरं काही नाही. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, कार्डं एकमेकांना ओवून मागावर चढवतात आणि भोकांप्रमाणे धागे वर-खाली होऊन नक्षी उमटते. आमच्या चादरीत दोनच रंग असायचे, निळा आणि पांढरा. दिवसभर मी चौकोन भरायचे आणि सकाळी तळ्यावर जाऊन जलरंगात चित्रं करायचे. कॉलेजातले आमचे सर माझी चित्रं बघून म्हणायचे, "तू पाण्याला शाळेत बसवतेस. हाताची घडी, तोंडावर बोट." मला ते फार लागायचं. रंग रेघेबाहेर जाऊ लागला की माझा हात आपोआप फडक्याकडे जायचा.

मालकांची अडचण वेगळी होती. गावातल्या सगळ्या कारखान्यांत तेच मोर, तेच गुलाब, तेच शंकरपाळे. आमच्या अक्कलकोटजवळच्या दुधनीचे एक मोठे कापडव्यापारी, चनबसप्पा शेठ, दरवर्षी माल न्यायचे. या खेपेला त्यांनी काहीतरी नवीन दाखवा म्हणून निरोप धाडला होता.

मी मालकांना समजावलं, की जलरंगात एकाच निळ्याच्या वीस छटा असतात, गडद निळा विरत विरत कागदाच्या पांढऱ्यात मिसळतो. चादरीत तो विरणार कसा? मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ते तुमचं काम की.

पहिल्या प्रयत्नात मी कडा आखून आत निळं भरलं. मल्लेशम म्हणून आमचा जुना विणकर होता. त्याने सँपल विणून आणलं आणि हा कुठल्या देशाचा नकाशा, असं गंभीरपणे विचारलं. खरंच नकाशा दिसत होता. मल्लेशमने चहा घेत घेत त्यातल्या दोन-तीन गावांना नावंही दिली.

दुसऱ्या वेळी मी कडा आखल्याच नाहीत. बाजरीच्या भाकरीवर तीळ पसरतात ना, तसे निळे चौकोन पेरले. मध्ये दाट, मग विरळ, मग एखादाच चुकार. ग्राफवर बघताना मला स्वतःलाच काही कळेना. जवळून नुसता ठिपक्यांनी बरबटलेला कागद दिसायचा. पण भिंतीला लावून लांब गेलं की पाणी दिसल्यासारखं व्हायचं. की मला भास होत होता? मी पुढे जायचे, मागे जायचे. एकदा मागे जाता जाता सुताच्या पोत्यावर पडले.

कार्डं मागावर चढली त्या दिवशी मी जेवले नाही. माग सुरू झाला. आधी नुसती पांढरी पट्टी आली, मग तीत एक निळा ठिपका, मग दोन. मग बघता बघता त्या खडखडाटातून ओलसर, विरत जाणारा निळा रंग वर सरकू लागला. मल्लेशमने माग थांबवला, वाकून बघितलं आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटला. मग शेजारचा माग थांबला, त्याच्या शेजारचा थांबला. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका आल्या. त्यातल्या एकीने हात पुसून चादरीला लावला आणि ओली आहे का ते बघितलं. ते बघून मला काय झालं कुणास ठाऊक, मी तिचे दोन्ही हात धरून तिथल्या तिथे फुगडी घातली. डिझायनर बाईने मागांच्या मधल्या बोळात फुगडी घातलेली त्या कारखान्याने पहिल्यांदाच बघितली असेल. एवढ्यात मालक आले. मला वाटलं ओरडतील. ते चादरीकडे बघत राहिले आणि माग बंद का, हे विचारायचंच विसरले.

चनबसप्पा शेठ धाकट्या भावाला घेऊन आले. चहा झाला. मालकांनी एखादा शालू उलगडावा तशी चादर गादीवर उलगडली. शेठ वाकले, काठ चाचपला, नक्षीवरून बोट फिरवलं आणि भावाला हळूच कानडीत म्हणाले, "बण्ण होग्यद."

म्हणजे, रंग गेलाय.

मालकांना कानडी येत नव्हतं. ते आशेने माझ्याकडे बघत होते. शेठ काय म्हणाले ते मला सांगायचं होतं, पण तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. सोलापुरी चादर विकली जाते ती एकाच गोष्टीवर, तिचा रंग जात नाही. आणि मी महिनाभर खपून, चौकोन चौकोन मोजून, रंग गेलेली चादर बनवली होती. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. नोकरी जाणार हेही कळत होतं, तरी हसू थांबेना. शेवटी कसंबसं सांगितलं.

मालकांचा चेहरा उतरला. मी शेठना कानडीत म्हटलं, की अण्णा, रंग पक्का आहे, हे तळ्यातलं पाणी आहे. शेठना ते काही पटलं नाही. मग मालक उठले आणि त्यांनी बादली मागवली. भर ऑफिसात चादर बुडवली, पिळली, पुन्हा बुडवली. शेठनी खांद्यावरचं पांढरं उपरणं काढून स्वतः तिच्यावर घासलं. उपरणं पांढरंच राहिलं.

"रंग पक्का हाय," शेठ म्हणाले. "पण मालक, दर गिऱ्हाइकाला पटवायला मी दुकानात बादली घेऊन बसू का ओ?"

यावर आधी धाकटा भाऊ हसला, मग मालक, मग मी पुन्हा. शेठनी नेहमीच्या मोराच्या चादरींची ऑर्डर दिली, गेल्या वर्षीपेक्षा जास्तच दिली, आणि जाताना माझी चौकशी करून गेले. आमच्याकडची मुलगी आहे, जपा, असं मालकांना सांगून गेले.

ओली चादर आम्ही गच्चीवर नेऊन दोरीवर टाकली. दुपारचा वारा सुटला होता. चादर फुगली, खाली आली, पुन्हा फुगली, आणि ते तळं हलायला लागलं. मालक कठड्याला टेकून बराच वेळ बघत उभे राहिले.

"बाई, हे विकायचं नव्हतंच," ते म्हणाले. "तुम्ही सोमवारपासून पक्क्या. मोर काढा."

त्या नक्षीची दुसरी चादर कधी विणली गेली नाही. ती एकुलती एक मालकांनी घरी नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर मी कागद आधीच ओला केला, त्यावर निळा रंग टेकवला आणि फडकं पिशवीतच ठेवलं. रंग पसरला, थांबला, मला नको होता तिकडेही गेला. तिथे मी कधी काढलं नसतं असं देऊळ तयार झालं. इतकं चांगलं देऊळ मला तोवर काढता आलं नव्हतं. पुढे चित्रांची प्रदर्शनं झाली, तिथे माणसं विचारत, तुमचा विचार काय, तुमची शैली कुठून आली. मी त्यांना जलरंगाबद्दल काही मोठं सांगू शकले नाही. चादरीचा रंग जाता कामा नये आणि चित्रातला अडवता कामा नये, एवढंच मला कळलं आहे. ही दोन्ही कामं ज्या बाईला एकाच दिवशी करायची आहेत, तिने कारखान्याच्या दारात जरा थांबून, आपण आत चाललोय की बाहेर, तेवढं बघून घ्यावं.