मिशीची गाठ

सोलापुरात मुलींना शास्त्र शिकवणारी मी पहिली बाई नसेन, पण तोऱ्यात कुणाला हार जाणारी नव्हते. आमच्या शाळेच्या चेअरमनना ते खुपायचं. "पोरींना किडे-पाखरं कशाला? शिवण शिकवा," असं ते माझ्या तोंडावर म्हणत. शेवटी ठरलं, शिक्षणखात्याचे डिपुटीसाहेब तपासणीला येतील आणि ते सांगतील तसं. वर्ग राहील, नाहीतर कायमचा बंद होईल.

वर्गातल्या निम्म्या पोरी विणकरांच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. 'पतंग' म्हटलं की त्यांना मांजाच आठवायचा. मग मी पुस्तक मिटलं आणि त्यांच्या घरातलं सूत हाती धरलं. किड्याच्या मिशा म्हणजे दोन दोरे. टोकाला गाठ दिसली तर फुलपाखरू. दोरा नुसता सरळ, नाहीतर पिसासारखा असला तर पतंग. पंखाची पूड बोटाला लागते, ते बारीक खवले असतात, हेही त्यांनी भिंगातून पाहिलं होतं.

डिपुटीसाहेब आले ते काचेच्या बरणीत एक जीव घेऊनच. तागाच्या शेतात भर उन्हात धरलेला, पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके. "हे काय आहे?" सगळा वर्ग ओरडला, "फुलपाखरू!" चेअरमन गालातल्या गालात हसले. पोरी मिशा न बघताच ओरडल्या होत्या.

घरी कांड्या भरताना तुटलेलं सूत जोडणारी एक पोरगी मात्र उठली आणि बरणीला नाक लावून उभी राहिली. "मुडी न्हाय!" ती म्हणाली.

"मुडी म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"गाठ ओ सायेब. सूत तुटलं की मारतो की, ती. ह्याच्या मिशीला गाठच न्हाय. ह्यो पतंग हाय."

"इतका रंगीत? आणि दिवसा उडणारा?"

"रंगाचं काय घेऊन बसलाय सायेब? रंग काय, कसल्या बी सुताला चढतोय."

साहेब खो खो हसले. "बरोबर. पतंगच आहे हा," म्हणाले. मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि ते लपवावेत असंही वाटलं नाही.

वर्ग राहिला. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी चेअरमन आपल्या नातीचा हात धरून माझ्या दाराशी उभे होते. "बाई," खाली बघत ते म्हणाले, "हिला तुमच्या वर्गात जागा होईल का?"

"होईल की," मी म्हटलं.