आईचं मनगट आणि चाचींचा टीव्ही गेम

जव्हारला शाळेत नोकरी लागली तेव्हा मी एका शिंपी चाचांच्या घरात मागची खोली भाड्याने घेतली. चाचा दिवसभर बाजारातल्या दुकानात, दोन्ही मुली लग्न होऊन भिवंडीला. घरात चाची एकट्याच. त्यांचा भाऊ कुवेतला होता. एका सुट्टीत त्याने बहिणीसाठी टीव्ही आणला आणि सोबत एक नारिंगी डबा. डब्याला वायरीने जोडलेल्या दोन मुठी, प्रत्येकीवर एक गोल फिरणारं बटण.

टीव्हीवर मुंबईचं चित्र काही धड येईना. चाचांनी छपरावर बांबूला बांबू बांधून अँटेना उंच नेला, तरी बातम्या सांगणाऱ्या बाई मुंग्यांच्या गर्दीतून बोलल्यासारख्या दिसायच्या. डब्याला मात्र अँटेना लागत नसे. त्याची वायर जोडली की काळा पडदा, दोन्ही कडांना एकेक पांढरी पट्टी आणि मधे इकडून तिकडे पळणारा ठिपका. बटण फिरवून पट्टी वरखाली करायची आणि ठिपका परतवायचा. इतकाच खेळ. चाची तो दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंनी खेळायच्या. उजवा जिंकला तर आधी चहा, डावा जिंकला तर आधी भांडी.

त्या उन्हाळ्यात आमच्या गावी, साखरशेतला, भाताच्या रोपांची जागा भाजायच्या राबासाठी फांद्या तोडताना आई झाडावरून पडली. उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं तेव्हा हात वळेना. डॉक्टर म्हणाले, "मनगट फिरवत राहा, नाहीतर असंच राहील." मी तिला माझ्याकडे ठेवून घेतलं. सकाळी शाळेत जाताना बजावायचे, संध्याकाळी विचारायचे. ती म्हणायची, "रिकामं मनगट फिरवून काय दळू?" आणि खिडकीत बसून राहायची. पावसात भाताची रोपं लावायला, आवणीला, हा हात चालला नाही तर काय, हे ती बोलत नव्हती, पण तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

एके दिवशी घरी आले तर खोलीत आई नाही. चाचींच्या घरातून टक्‌ टक्‌ आवाज येत होता. दारातून पाहिलं. दोघी चटईवर बसलेल्या, आईच्या हातात मूठ.

"डाव्या हाताने नको, अम्मा," चाची म्हणत होत्या. "डाव्याचे पॉइंट मी धरत नाही."

"उजवा वळत नाय ना."

"मग हरा."

आई हरली. एकही गुण न मिळता हरली. मला वाटलं, रागावून उठेल. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "परत लावा."

मग रोजचंच झालं. दुपारी स्वयंपाक आवरला की चाची हाक मारायच्या. हात दुखला की आई शिव्या त्या ठिपक्याला घालायची, आमच्या गावच्या भाषेत. चाचींना शब्द कळायचे नाहीत, तरी त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. हळूहळू बटण अर्धं वळायला लागलं, मग पूर्ण. ज्या दिवशी आई जिंकली त्या दिवशी चाचींनी शेवया केल्या. चाचा जेवताना म्हणाले, "माझ्याच घरात ही मला कधी जिंकू देत नाही, आणि तुम्ही हिला हरवलंत!"

पावसाच्या तोंडावर आई गावी गेली. त्या वर्षीची आवणी तिने केली. मनगट जरा वाकडंच राहिलं, पण रोपाची मूठ धरत होतं.

काही वर्षांनी चाचा-चाची मुलींकडे भिवंडीला राहायला गेले. जाताना चाचींनी तो डबा माझ्या हातात ठेवला. तो तोवर बंद पडला होता. दुरुस्तीसाठी म्हणून मी मुंबईच्या जुन्या बाजारात हिंडले, तिथे तसलाच दुसरा सापडला, मग पडद्यावर बंदुकीने नेम धरायचा एक, मग एक रंगीत चित्राचा. ती खोड लागली ती लागलीच. शाळेतल्या बाई विचारायच्या, "एवढ्या जुन्या खेळण्यांचं करणार काय?" मी सांगायचे, खेळणार.

सुगी झाली की आई येते. मी माझे खेळांचे सगळे सेट तिच्यापुढे मांडते. बंदूक तिला आवडत नाही; रंगीत चित्राने डोळे दुखतात म्हणते. मागच्या खेपेला भिवंडीला चाचींकडे जाताना तिने मला न विचारताच एक चालू सेट पिशवीत भरला. तांदळाची भाकरी, नाचणीचे पापड आणि त्यांच्यावर तो डबा. बसमध्ये सगळी वाट तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.