सर्वांना संदेश पाठवले

"याच्यात मेसेज येतो तरी का गं म्हातारे?"

भाऊसाहेबांनी मायचा फोन दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. बटणांचा फोन. मागचं झाकण रबराने बांधलेलं, वरून दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलेलं, कापूस वेचताना घाम लागू नये म्हणून. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात बसलेले चार-पाच जण हसले. हसून झाल्यावर भाऊसाहेबांनी फोन मायच्या हातात दिला नाही. टेबलाच्या कडेला ठेवला, पुढं सरकवला आणि खिशातून रुमाल काढून बोटं पुसली.

माय उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. तिच्या मागे आमच्या भीमनगरातल्या पाच-सहा बाया. भांडायला आल्या नव्हत्या. नळाला पाणी कधी सुटणार याचा मेसेज आमच्या वस्तीत येत नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

"तुमच्या लोकायला मोबाईल वापरता येत न्हाई, त्याला अ‍ॅप काय करील?" भाऊसाहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, सांगा ह्यायला. गर्दी करू नका म्हणावं."

मी आत कॉम्प्युटरवर बसले होते. पंचायतीची संगणक परिचालक, कंत्राटी. मी मान वर केली नाही. की-बोर्डकडे बघत म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेर थांबा."

बाई. माझ्या मायला.

गाव केवढं. ती माझी माय आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणूनच तर भाऊसाहेबांनी मला सांगायला लावलं. मायने वाकून टेबलावरचा फोन घेतला, पदराला पुसला आणि गेली. मी टाइप करत राहिले. काय टाइप करत होते ते आज आठवत नाही. कान तापलेले होते आणि बोटं चालू होती, एवढं आठवतं.

मायला अक्षर येत नाही, पण आकडे येतात. एसटीच्या पाट्या, रेशनच्या वजनाचे आकडे, सगळं ती वाचते. पाण्याच्या मेसेजमध्ये वाचायचं असतं ते एवढंच, किती वाजता. ते तिला नक्की वाचता आलं असतं. मी तेव्हा हे बोलू शकले असते. नाही बोलले.

आमच्या गावात आठ दिवसांनी पाणी येतं. लाइट कधी असेल त्यावर वेळ ठरते, म्हणून दर पाळीला वेळ वेगळी. पूर्वी पंचायतीचा शिपाई दवंडी द्यायचा. आमच्या वस्तीत तो आत यायचा नाही, वळणावर उभा राहून ओरडायचा, पण ऐकू यायचं. मग गेल्या दिवाळीत भाऊसाहेबांचा पुतण्या आला. हर्षवर्धन. पुण्याला इंजिनिअरिंग करतो. त्याने सुट्टीत एक अ‍ॅप बनवलं. सात गल्ल्या, प्रत्येक गल्लीतले दहा-बारा नंबर, ज्यांना मेसेज जाईल त्यांनी शेजारपाजारी सांगायचं. सकाळी मी वेळा भरायच्या, एक बटण दाबायचं, पंचायतीच्या मोबाईलवरून सगळीकडे मेसेज. चौकात बॅनर लागला. हर्षवर्धनचा सत्कार झाला. सतरंजी मी अंथरली. दवंडी बंद झाली.

सरपंच म्हणजे भाऊसाहेबांच्या मालकीणबाई. त्या सही करतात. खुर्चीवर भाऊसाहेब बसतात.

पहिल्या पाळीला मायने विचारलं, "मेसेज न्हाई आला गं." मी म्हणाले, रेंज नसेल. कारण बटण मी स्वतः दाबलं होतं आणि स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं होतं: सर्वांना संदेश पाठवले. कॉम्प्युटरवर माझा विश्वास होता. मायवर कमी होता, हे आता कळतं.

दुसऱ्या पाळीला मी सकाळी बटण दाबलं आणि मीटिंगसाठी परभणीला गेले. भीमनगरातल्या सगळ्या बाया कापूस वेचायला रानात. अकरा वाजता आमच्या सार्वजनिक नळाला पाणी सुटलं. नळाला तोटी नाही. तासभर पाणी नालीत गेलं. संध्याकाळी बाया आल्या तर रांजण कोरडे. आणि गावात बोललं गेलं, ह्यांना फुकट पाणी मिळतं, म्हणून नालीत सोडतात.

दुसऱ्या दिवशी बाया ऑफिसात आल्या, तोच तो दिवस. त्या गेल्यावर भाऊसाहेबांनी ठरवून टाकलं: भीमनगराचा एक तास आता अर्धा तास. पाणी वाया घालवतात म्हणून. अर्ध्या तासात साठ घरांचं पाणी होत नाही. ते काय आंघोळीचं पाणी आहे? पुढच्या आठ दिवसांचं प्यायचं पाणी आहे.

हर्षवर्धन तेव्हा गावातच होता. मी भीत भीत त्याला म्हणाले, "एकदा अ‍ॅप तपासता का? आमच्याकडे एकाही नंबरला मेसेज गेलेला नाही."

तो मोबाईलमधून वर न बघता म्हणाला, "युजर एरर असतो तो. अ‍ॅप परफेक्ट आहे. आणि तू त्यात हात घालू नको हां, प्रोग्रामिंग आहे ते."

मी सेलूला जाऊन-येऊन बीसीए केलंय. तीन वर्षं पहाटेची गाडी धरलीय. त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याला ते मोजायचं नव्हतं.

घरी माय बोलत नव्हती. भाकरी वाढायची आणि बाजूला जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "मला बाई म्हनलीस ना." मी म्हणाले, "माय, ऑफिस आहे ते." ती म्हणाली, "असू दे." ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग मी हात घातला.

दुपारी ऑफिस रिकामं असायचं. सगळे घरी जेवायला जात. माझा डबा तसाच ठेवून मी हर्षवर्धनचा प्रकल्प उघडला. तो आमच्याच कॉम्प्युटरवर बनवलेला, उघडाच होता. नवशिक्यांसाठीची पद्धत असते ही. ओळी लिहायच्या नाहीत. रंगीत ठोकळे असतात, एकात एक अडकवत जायचे. सातवी-आठवीची पोरंही शिकतात. म्हणजे "प्रोग्रामिंग आहे ते" म्हणून मला ज्याची भीती घातली, ते हे होतं.

आधी भीमनगराचे नंबर तपासले. मायच्या नंबरासकट दहाही बरोबर. मग अ‍ॅपची एक वेगळी प्रत केली, सगळ्यांचे नंबर काढले आणि प्रत्येक गल्लीच्या नावापुढे फक्त माझा नंबर टाकला. बटण दाबलं. माझा फोन वाजायला लागला. पाटील गल्ली, मेसेज आला. बाजार गल्ली, आला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. थांबला. सातवा नाही. स्क्रीनवर हिरवं झळकलं, सर्वांना संदेश पाठवले.

परत केलं. परत सहा.

दुसऱ्या दुपारी मी यादी उलटी केली. भीमनगर वर, पाटील गल्ली तळाला. बटण दाबलं. पहिला मेसेज भीमनगराचा आला. मी खुर्चीतून उठलेच. सहा आले. पाटील गल्लीचा आला नाही. म्हणजे दोष नंबरात नव्हता, फोनात नव्हता, रेंजमध्ये नव्हता. यादीत जो शेवटी, तो गळत होता.

मग ठोकळे एकेक करून वाचले. यादीतलं एक नाव घे, मेसेज पाठव, पुढं जा, असं सांगणारा एक ठोकळा होता. कुठपर्यंत जायचं तेही त्यातच. एकपासून यादीच्या लांबीपर्यंत, वजा एक. कॉलेजात ज्या भाषा शिकवतात त्यांत मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून शेवटी एक वजा करतात. इथं मोजणी एकपासून. हर्षवर्धनने सवयीने एक वजा केला. सात वजा एक, सहा. एरर नाही, लाल खूण नाही, काही नाही. आणि ते हिरवं वाक्य नुसतंच खाली चिकटवलेलं होतं. मेसेज जावोत न जावोत, ते यायचंच.

चूक साधी आहे. माझ्याकडूनही झाली असती. पण त्याने अ‍ॅप तपासलं ते आपल्या घरच्या फोनवर, म्हणजे पाटील गल्लीत. पहिल्या नावावर. शेवटच्या नावाला जातो का, हे बघावं असं त्याला वाटलंच नाही. आणि भीमनगर शेवटी लिही असंही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप तसा चालतो. रेशनच्या यादीत तसंच, लसीच्या यादीत तसंच. चौथीत गुरुजींच्या हजेरीत आमची पाच नावं सगळ्यांच्या खाली होती. घंटा झाली की गुरुजी वही मिटायचे. आम्ही वर्गात बसलेलो असायचो आणि वहीत गैरहजर.

दोन वाजले होते. मला चूक सापडली होती आणि सांगायला कुणी नव्हतं. मायला सांगावं तर ती बोलत नव्हती. सोबतच्या मुली लग्न होऊन पूर्णा, जिंतूर, कुठं कुठं गेलेल्या. मी रिकाम्या ऑफिसात मोठ्याने म्हणाले, "सापडली." माझाच आवाज मला कसासाच वाटला. डबा खाल्ला नाही मी त्या दिवशी. रडले थोडी, खोटं कशाला सांगू.

चार वाजता हर्षवर्धनला दाखवलं. त्याने एक मिनिट बघितलं. त्याला लगेच कळलं, चेहऱ्यावरून कळलं. तो म्हणाला, "शेवटचंच राहायलंय ना? मग खाली एक रिकामी ओळ टाक. ती गळेल, तुमचं जाईल. एवढ्यासाठी मूळ कोडला हात कशाला लावायचा?" आणि उठून गेला. चुकलं, एवढं म्हणाला असता तर मी हे लिहायला बसले नसते.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी ग्रामसेवकांकडून एक कागद पाठवला. टाइप करून खाली परिचालक म्हणून माझी सही करायची. मजकूर असा: 'भीमनगर येथील रहिवाशांनी आपले मोबाईल बंद ठेवल्याने त्यांना संदेश मिळाले नाहीत व पाण्याचा अपव्यय झाला. सबब सदर वस्तीची वेळ अर्धा तास करण्यात यावी.'

मी तो कागद दोनदा वाचला. डोळ्यांपुढं रुमालाने पुसलेली बोटं आली. या कागदावर सही म्हणजे मायला दुसऱ्यांदा बाई म्हणणं. या वेळी लेखी.

मी टाइप केलं. माझं केलं. 'अ‍ॅपमधील चुकीमुळे भीमनगर येथे दोन्ही पाळ्यांना एकही संदेश गेला नाही. रहिवाशांचे मोबाईल चालू होते. चूक आज दुरुस्त करण्यात येत आहे. वेळ कमी करण्याचे कारण उरत नाही.' दोन प्रती काढल्या, सही केली, टेबलावर ठेवल्या.

भाऊसाहेबांनी वाचलं. "हे काय लिवलंस?"

"जे झालं ते."

"तुला नोकरी करायची का न्हाई?"

"करायची. खोटी सही करायची नाही."

"कुणाच्या जिवावर बोलायलीस?"

माझ्यामागे कुणीच नव्हतं. मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही ज्यांचा फोन धरून बोटं पुसली, त्या माझी माय आहेत. मी त्यांना बाई म्हणाले. ते माझं चुकलं. आता परत चुकणार नाही." दुसरी प्रत मी ग्रामसेवकांपुढं धरली आणि पोहोच मागितली. ते भाऊसाहेबांकडे बघत राहिले. मी हात मागे घेतला नाही. शेवटी त्यांनी मान खाली घालून शिक्का मारला.

त्याच दुपारी मी वजा एक काढून टाकला. रिकामी ओळ टाकली नाही. ते हिरवं वाक्यही काढलं.

भीमनगराचा एक तास तसाच राहिला आहे, सध्या तरी. भाऊसाहेब म्हणाले, मार्चनंतर बघू. म्हणजे माझं कंत्राट. ऑफिसात माझ्याशी कामापुरतं बोलतात, चहा आला तर माझ्यापर्यंत येत नाही. वस्तीतही शाबासकी वगैरे काही नाही. "पाणी आलं ना? मंग कामून वाकडं घ्यायचं त्यायच्याशी?" असं म्हणणारे जास्त. उद्या पंचायतीने खरंच नळ तोडला तर, ही भीती त्यांची खोटी नाही. मी समजू शकते. मान्य करू शकत नाही.

मायने अजून मला माफ केलेलं नाही. कागदाचं सांगितलं तेव्हा "बरं केलंस" म्हणाली आणि चूल फुंकत बसली. ऑफिसात चल, आत खुर्चीवर बस, असं मी तिला दोनदा म्हणाले. ती येत नाही.

पाळीच्या दिवशी मी वेळा भरते, बटण दाबते आणि मग मायला फोन लावते. ती रानात असते. मी विचारते, "वाजला का?" ती पलीकडून म्हणते, "वाजला. नऊ." आणि ठेवून देते.

नोंदवहीत आता मी हाताने लिहिते. सर्वांना संदेश पाठवले. मायचं "वाजला" ऐकल्याशिवाय त्यातला पहिला शब्द लिहीत नाही. मार्चपर्यंत नाही, मार्चनंतर जिथं बसेन तिथंही नाही.