ब्रेकमधली हवा

माझ्या धाकट्या मावशीइतका हवेवर डूख धरलेला माणूस अख्ख्या रत्नागिरीत सापडायचा नाही. सरकारी दवाखान्यात तिने नर्स म्हणून जन्म काढला, आणि त्यातला निम्मा सिरिंज उजेडाकडे धरून, टिचक्या मारून बुडबुडे हुसकण्यात गेला असावा. निवृत्त झाल्यावर मांडवीच्या घरातही ती तीच नजर घेऊन वावरू लागली. लोणच्याच्या बरणीत कुठे पोकळी दिसली की अख्खी बरणी उपसून पुन्हा दाबून भरायची. सरबतावरचा फेस बसेपर्यंत पाहुण्याला पेल्याला तोंड लावू द्यायची नाही. माझ्या सायकलच्या डिस्क ब्रेकमध्ये तेल असतं आणि त्यात हवा शिरली की ब्रेक धड लागत नाही, हे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मला नोकरी लागली तेव्हाही दिसला नव्हता. दुकानदाराने सायकल कोल्हापूरला पाठवायला सांगितली होती. मावशी म्हणाली, "सिरिंजने तेल भरायचं नि हवा काढायची, एवढंच ना? त्याला कोल्हापूर कशाला गो?"

तेव्हापासून सायकल तिची पेशंट झाली. आधी विचारपूस. "कधीपासून मऊ लागतो? उतारावर जास्त होतं का?" मग पॅड झिजलेत का ते बघायचं, नळीवरून पांढरा कापूस फिरवून तेल गळतंय का ते तपासायचं. पॅड काढून बाजूला ठेवायचे, कारण तेलाचा थेंब त्यांना लागला तर ते कामातून गेले. नंतर हँडलपाशी छोटा पेला बसवायचा, खाली चाकाजवळ सिरिंज जोडायची आणि कोकम सरबताच्या रंगाचं तेल हळूहळू वर चढवायचं. मध्येच नळीला दोन बोटांनी टिचकी मारून पुटपुटायची, "चल बाई, नीघ."

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एका रविवारी गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर, खाली समुद्र चमकत असताना, उतारावर मी पुढचा ब्रेक दाबला आणि तो लोण्यासारखा थेट हँडलला टेकला. एकट्या मागच्या ब्रेकला सायकल आवरेना. मी रस्त्याकडेच्या गडग्याच्या दगडांवर जाऊन आदळले. एका टेम्पोवाल्याने मला आणि सायकलीला मावशीकडे सोडलं. ती फाटकात आली आणि तिने माझ्या रक्ताळलेल्या कोपराकडे न बघता आधी ब्रेक दाबून बघितला. मग मला आत नेऊन जखम धुतली, पट्टी बांधली. बांधता बांधता तिचे हात थांबले.

"चूक माझी गो. मागच्या खेपेला बुडबुडे मला दिसलेच नाहीत. कधीपासून डोळ्यांत धुकं आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"जन्मभर मी दुसऱ्यांना तपासलं. दिसत नाही म्हणायला तोंड उघडेना."

त्याच दुपारी आम्ही पुढचं चाक वर करून सायकल पडवीच्या खांबाला बांधली. ती अंदाजाने सिरिंज दाबत होती, मी पेल्यात बघत होते.

"आला?"

"आला."

"केवढा?"

"मोहरीएवढा."

"येऊ दे सावकाश. घाई नको करूस."

समुद्राकडून वारा येत होता, सुरूची झाडं सुस्कारत होती. एकेक बुडबुडा झोपेतून उठल्यासारखा वर यायचा, जरा थांबायचा आणि विरून जायचा. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी ब्रेक दगडासारखा घट्ट लागला, तेव्हा ऊन पडवीतून निघून गेलं होतं.

पुढच्याच महिन्यात मी तिच्या दोन्ही मोतीबिंदूंची ऑपरेशनं करून घेतली. आता तिला माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. तरी दर दोन-तीन आठवड्यांनी तिचा फोन येतो. "सायकल घेऊन ये गो. ब्रेक जरा मऊ झाला असेल." फाटकाशी मी दाबून बघते. ब्रेक चांगला घट्ट असतो. आत जाऊन सांगते, "हो मावशी, आहे थोडी हवा."

ती सिरिंज जोडते. पेल्यात नितळ तेल चढत राहतं आणि आम्ही दोघी त्यावर वाकून बसतो.

"दिसतो का गो?"

"थांब," मी म्हणते, "येईल."