मागच्या दाराचा कप

चित्रं विकली गेली नाहीत तरी प्रदर्शनात किस्से मात्र साठतातच. माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा हिने रोह्यात प्रदर्शन भरवलं आणि मी रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर तिचा मदतनीस झालो. आता चहाला कुणी भेटलं की एक किस्सा सुटतोच!

* * *

विषय होता, गावाबाहेरच्या वाडीवरून कामाला येणाऱ्या बायांसाठी घरोघरी मागच्या दाराशी ठेवलेला वेगळा कप. ते कप मागत आम्ही पेणपासून फिरलो. जिते गावात एका काकांनी, आमच्यात असला भेदभाव कधीच नव्हता, हे अर्धा तास समजावलं. तेवढ्यात काकूंनी आतून कप आणला. धुऊन, पेपरात गुंडाळून.

* * *

मीही एक दिला. बायको गेल्यापासून मागच्या फळीवर पडलेला, कान तुटलेला. आमच्याकडे वर्षानुवर्षं भांडी घासायची त्या ताराबाईचा. वर्गात समतेची पोस्टरं काढून घेणारा मी! लाज वाटलीच, पण ताराबाई आली तर काय बोलू, याची धास्ती जास्त होती.

* * *

मधोमध मातीची बाई होती, पायरीवर चहा पीत बसलेली. तिला चेहराच नव्हता. सुनंदा पेणच्या गणपती कारखान्यात वाढलेली, म्हणून तिकडचे एक जुने कारागीर आले. मूर्तीभोवती दोनदा फिरून हळूच म्हणाले, "डोळ्यांची आखणी राहिली काय गो? माणूस पाठवू?"

"काका, हिचं तोंड आपण कधी बघितलंय?" सुनंदा म्हणाली.

* * *

उद्घाटनाचे पाहुणे म्हणाले, ही प्रथा केव्हाच संपली. सुनंदाने मांडलेल्यातल्याच एका कपात त्यांना चहा दिला. त्यांना शुगर निघाली. तिने बिनसाखरेचा पुढे केला, तर त्यांना कोलाडची मीटिंग आठवली.

* * *

या पोरीचे माझ्यावर उपकार आहेत. जन्मभर घरात राहून मला दिसलं नाही, ते तिने फळीवर मांडलं.

शेवटच्या दिवशी ताराबाई आली. कप बघत बघत आमच्या कपापाशी थांबली. मी हात जोडले. म्हटलं, ताराबाई, हा तुमचा कप. चुकलं आमचं.

तिने तो उचलून उलटसुलट पाहिला. "हा माजा नाय, मास्तर. तुमच्याकडं मला कप नव्हताच. मी घरनं पेला आणायची."

तिने पिशवीतून तोच पोचे पडलेला स्टीलचा पेला काढून कपाच्या जागी फळीवर ठेवला आणि कप सुनंदापुढे धरला.

"यात चहा घाल गो. मास्तरांच्या कपात कसा लागतो, बघते."