शकूने धुतलेली वाळू

गुरुवारी दुपारी प्राचार्य पाण्याच्या अगदी वर येऊन तोंड उघडू-मिटू लागले, तेव्हा शकूच्या हातातली परीक्षानळी सिंकमध्ये पडून फुटली.

प्राचार्य म्हणजे प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला गोबरा मासा. लोंबता जाड ओठ, सगळ्या जगावर नाराज असल्यासारखे डोळे. मुलांनीच त्याचं हे नाव ठेवलं होतं, आणि खरे प्राचार्य फेरीला आले की मागच्या बाकांवर खोकल्याची साथ येई. घाटकोपरच्या त्या कॉलेजात, पाच फुटी काचेच्या टाकीतल्या खाऱ्या पाण्यात, तो अकरा वर्षं राहत होता. सोबतीला तीन लहान पट्टेरी मासे. टाकीसाठी वर्सोव्याचे होडीवाले खोल समुद्रातलं पाणी कॅनमधून आणून देत.

शकू बीडकडची. लग्न होऊन मुंबईत येईपर्यंत तिने समुद्र पाहिला नव्हता. पाहिली होती ती एक नदी, तीही आठ महिने कोरडी. दहावी पास म्हणून कॉलेजात हंगामी शिपायाच्या कामाला लागली. जूनमध्ये प्रयोगशाळेचे जुने शिपाई धाकूमामा निवृत्त झाले आणि टाकी तिच्याकडे आली. "खाणा थोडा घाल, पंप बंद करू नको," एवढंच सांगून मामा गेले. सुरुवातीला तिला त्या तोंडाची भीती वाटे. मग एके दिवशी गोबऱ्याने तिच्या चिमटीतून कोळंबी घेतली, बोटांना ओठही न लावता. तेव्हापासून सकाळी कुलूप काढताना तिची घाई होई. त्या इमारतीत तिची वाट बघणारं दुसरं कोणी नव्हतं.

शनिवारी विद्यापीठाची समिती यायची होती. विभागप्रमुख कर्णिक सरांनी दहा दिवस आधीच टाकीच्या तळाकडे बोट दाखवलं होतं. "ही वाळू बघ. गटारासारखी काळी झालीय. सगळी काढ, नवी घाल. पांढरी शुभ्र दिसली पाहिजे."

शकूने ते काम जीव ओतून केलं. शिंपल्यांच्या चुऱ्याची नवी वाळू सात पाण्यांनी धुतली, कढत पाण्यातून काढली, आणि गच्चीवर जुन्या लुगड्यावर पसरून दोन दिवस कडक उन्हात वाळवली. गावाकडे ज्वारी वाळवावी तशी, दर तासाला हात फिरवून. सोमवारी मासे टबात ठेवून टाकी रिकामी केली. तळाच्या जाळीवरचा बुळबुळीत थर निघेना, तो काथ्याने खरवडला. संध्याकाळी टाकी अशी लखलखली की सर म्हणाले, "वा!"

आणि आज हे. कल्ले एवढ्या वेगाने हलत होते की मोजता येईनात. पट्टेरी मासे कोपऱ्यात कलंडले होते.

"सर, मासे जातायत."

"पंप वाढव."

"वाढवला, सर."

"मग पाणी बदल."

"दोनच कॅन उरलेत."

कर्णिक सर घड्याळ बघत म्हणाले, "शनिवारपर्यंत तग धरला म्हणजे झालं."

शकू तशीच निघाली. परवानगीसुद्धा मागितली नाही. चेंबूरची बस, मग चाळीचे दोन जिने. धाकूमामा गॅलरीत बसून दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस.

"मामा, प्राचार्य..."

"जितो आसा मां?"

तिने एका दमात सगळं सांगितलं. मामांचा वस्तरा थांबला.

"सगळी एकदम काढलंस? अगो, मी चौथाई काढी. म्हयन्याभरान परत चौथाई. त्या काळ्या वाळूतच पाणी पचता. इरजण फेकलंस तर दही खंयसून लागतला?"

"तुम्ही सांगितलं नाही, मामा."

मामांनी फेस टॉवेलने पुसला, अर्धी दाढी तशीच राहिली.

"खंय टाकलंस ती वाळू?"

"मार्तंडभाऊला दिली. बागेतल्या वाटेवर घालायला."

"ओली असली तर समुद्राच्या पाण्यात खळबळून परत घाल. सुकली असली तर माती ती. धाव!"

पाच वाजता ती कॉलेजच्या बागेत पोचली. वाटेवर वाळू पसरलेली होती, कोरडी, भुरकट. तिने गुडघ्यांवर बसून बोटांनी उकरलं. खालीही कोरडीच.

"काय हरवलं गं, डोरलं?" माळ्याने विचारलं.

"मार्तंडभाऊ, सगळी पसरली?"

"एक पोतं राहिलंय भिंतीआड. वास मारतंय म्हणून हात नाही लावला."

पोतं अजून ओलं होतं, आणि त्याच्या वासाने डोळ्यांत पाणी येत होतं. शकूने ते खांद्यावर घेतलं. एक कॅन वाळू खळबळण्यात गेला, दुसरा टाकीत. मग मुठीमुठीने तिने काळी वाळू पांढऱ्या वाळूवर पसरली, ती अर्ध्या तळालाच पुरली. पाणी गढूळलं. गोबरा दिसेनासा झाला.

शुक्रवारी सकाळी कर्णिक सर दारातच थबकले. "हे काय केलंस तू? उद्या समिती आहे!"

"सर, टाकीला हात लावू नका." आपला आवाज ऐकून तीच दचकली. "मला काढायचं तर काढा. पण उद्यापर्यंत हात लावू नका."

सरांनी टाकीवर हिरवा पडदा टाकायला लावला. शनिवारी समिती आली, सूक्ष्मदर्शक मोजले, चहा प्यायली, गेली. शकूने पडदा उचलला. पाणी निवळलं होतं. पट्टेरी मासे सरळ पोहत होते, तिघेही. गोबरा तळाशी आडवा होता, काळ्या आणि पांढऱ्या वाळूच्या मधोमध.

तिने त्याला दोन्ही हातांनी बाहेर काढलं. पहिल्यांदाच. वाटला होता त्याहून जड.

"चांगला मोठा नमुना आहे," कर्णिक सर म्हणाले. आवाज मऊ होता. "मोठी बरणी काढ. फॉर्मॅलिन मीच भरतो. वय किती लिहायचं?"

शकूने बरणी धुतली, पुसली, टेबलावर ठेवली.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "आणि सर, मला आज लवकर सोडा. चेंबूरला जाऊन सांगायचंय."