गोदाक्का उभ्या राहिल्या

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात नव्या रुग्णाचा अर्ज भरताना एक रकाना असतो : उपचारातून काय साधायचं आहे? कुणी शेतात जायचंय म्हणतं, कुणी नातीच्या लग्नात उभं राहायचंय म्हणतं. बेंबळीच्या गोदाक्का चाकाच्या खुर्चीत ताठ बसून म्हणाल्या, “लिवा, भगवानच्या थोबाडीत मारायचीय.” मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी ‘आधाराशिवाय चालणे’ असं लिहिलं. त्यांनी लेकीकडून ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, “ही तर निम्मीच वाट झाली, म्याडम.”

भगवान हा त्यांचा धाकटा दीर. सोयाबीनच्या पोत्यांवरून गोदाक्का खाली उतरत असताना त्यानं ट्रॅक्टर एकदम मागं घेतला. तो प्यालेला होता. त्या ट्रॉलीवरून पाठीवर पडल्या आणि मणक्याला मार बसला. पोलिसांपुढं भगवान म्हणाला, वहिनीचाच पाय घसरला. ते पाहणारी एकटी त्याची बायको सरस्वती. तिनंही तेच सांगितलं. गोदाक्कांचा नवरा आधीच वारलेला, लेक सासरी; बाजूनं बोलणारं गावात कुणी नव्हतं. “कंबरंखालचं गेलं त्याचं दुख हायच,” त्या म्हणायच्या, “पर गावभर सांगतोय, पाय घसरला म्हून. माझा पाय व्हता त्यो. जलमात कदी घसरला न्हाय.”

मज्जारज्जू पुरता तुटला नव्हता, एवढीच आशा होती. आमचं यंत्र रुग्णाला पट्ट्यांनी वरून तोलून धरतं, त्याच्या पायांना यांत्रिक पाय बांधतं आणि सरकत्या पट्ट्यावर चालवतं. आधी सगळा जोर यंत्राचा. रुग्णाचा जोर वाढेल तसा यंत्रानं आपला कमी करायचा. पहिल्या दिवशी बहुतेकजण घाबरतात. गोदाक्का म्हणाल्या, “ह्याचा जोर कमी करा. माझा राग फुकट चाललाय.” दुखतंय का, असं विचारलं की एकच उत्तर : “दुखणं माझं हाय. तुमी बटन दाबा.” पुढं केंद्रातले सगळेच एकमेकांना हे म्हणू लागले.

एकदा भगवान स्वतः आला. हातात केळी. “वयनीला लई जीव लावलाय आमी,” तो मला म्हणाला. गोदाक्का यंत्रात होत्या. मी यंत्र थांबवायला गेले, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मग पंधरा मिनिटं त्या त्याच्याकडं बघत चालत राहिल्या. तो खिडकीकडं सरकला की नजरही सरकायची. शेवटी केळी बाकावर ठेवून तो निघून गेला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या उजव्या पायानं आपणहून जोर दिला.

वर्षभरात त्या वॉकर धरून चालू लागल्या. आणि नेमक्या त्याच महिन्यात भगवानला लकवा मारला. तोंड वाकडं, डावं अंग लुळं. जवळपास दुसरीकडं असं यंत्र नव्हतं, म्हणून सरस्वतीनं त्याला आमच्याकडंच आणलं. मी धास्तावले. गोदाक्का वॉकर टेकत त्याच्या खुर्चीपाशी गेल्या, त्याला न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, “ह्याला नीट करा. म्या मारीन तवा ह्येनं उभं असावं.”

त्या दर खेपेला त्याच्या यंत्रासमोर येऊन बसू लागल्या. “आदी टाच टेकव. ढोंग करू नगंस.” तो रडायचा, त्या उठायच्या नाहीत. त्यांनी माफ केलं असं सरस्वतीला वाटलं. ती पाया पडायला वाकली, तर गोदाक्कांनी वॉकर मागं घेतला. “पाय सोड. खोटं बोललीस ते खरं कर आदी.”

चार-पाच महिन्यांनी भगवान काठी घेऊन उभा राहिला. तोल जाऊ नये म्हणून मी मागून त्याच्या कमरेचा पट्टा धरला होता. गोदाक्का समोर आल्या. “भगवान, माझा पाय घसरला व्हता का?”

त्यानं सरस्वतीकडं पाहिलं. मग अडखळत म्हणाला, “न्हाय, वयनी. म्या पेलो व्हतो. मागं न बघताच गाडी घेतली.”

“पुन्ना सांग. मोठ्यानं.”

त्यानं सांगितलं. गोदाक्कांनी डावा हात वॉकरवर घट्ट रोवला आणि उजव्यानं त्याच्या थोबाडीत मारली. त्यांना अडवणं हे माझं काम होतं. मी फक्त पट्टा घट्ट धरला. भगवान पडला नाही.

“झालं समाधान, आक्का?” मी नंतर विचारलं.

“एका थोबाडीनं? छ्या! तुमी ऐकलंय न्हवं त्यो काय बोलला? द्याल का पोलिसास्नी लिवून?”

माझी नोकरी, रुग्णाची गोष्ट बाहेर नेणं, सगळं क्षणात डोक्यात आलं. त्या वाट बघत उभ्या होत्या; बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. मी हो म्हणाले. मी लिहून दिल्याचं कळल्यावर सरस्वतीनंही दुसऱ्या दिवशी जबाब बदलला.

खटला अजून चालू आहे. तारखेला कोर्टाच्या आवारात गोदाक्का चालत येतात आणि भगवानही चालतच येतो. दोघांनाही चालवलं ते मीच. मी साक्षीला उभी राहते, तेव्हा तो मान खाली घालतो. गोदाक्का नाही घालत.